उभ्या जंगलाची कमाई



पूर्व विदर्भात दिवाळीचे हे दिवस हलक्या धानाच्या कापणीचे. भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरेल, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतील. या धानाला जंगलाचा आधार आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांत झाडोऱ्यातून उतरलेलं पाणी साठतं आणि पावसानं दडी मारली की तेच धानाच्या बांध्यांना तारतं. पाणलोटातली झाडं गेली तर तलाव गाळानं भरतो. खाणीचा किंवा कारखान्याचा प्रस्ताव येतो तेव्हा तोडायच्या झाडांची मोजदाद होते. खालच्या बांध्या कुणी मोजत नाही.

गडचिरोलीला पोलादाचा जिल्हा करण्याच्या घोषणा सध्या जोरात आहेत. रोजगार हवाच, पोटासाठी गाव सोडणाऱ्या तरुणाला जंगल जपण्याचा उपदेश करण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आम्हाला नाही. पण जंगल उभं असेपर्यंत ती पडीक संपत्ती, हे गृहीतक आम्हाला मान्य नाही.

वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. हक्क कागदावर आला तरी बाजाराची वाट अडलेलीच होती, हे विसरू नये.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आम्हाला त्याहून मोलाचं वाटतं. २०१२ साली हक्क मिळाल्यावर या गावानं बांबूतून गावातच रोजगार उभा केला. तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं. कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, आणि माणसांना-पाखरांना मिळणारी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, जातात. हातात येणारा रोख पैसा ज्यांना खरोखर लागतो, त्या माणसांनी तो सोडला. एवढा कठोर हिशेब कुठल्या नियोजन मंडळानं केल्याचं आम्हाला आठवत नाही. त्यांना तो जमला, कारण बांबूचा पैसा गावाचा होता आणि उद्याचं जंगलही गावाचंच राहणार होतं.

म्हणून आमचा आग्रह आहे: खाणपट्ट्याच्या प्रत्येक प्रस्तावात त्या जंगलाचं बांबू, मोहफूल, चारोळी यांचं वार्षिक उत्पन्न आणि त्या जंगलाच्या पाण्यावर भिजणारं धानाचं क्षेत्र आधी लिहिलं जावं. सामूहिक हक्काचे प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत त्या जमिनीवर कुऱ्हाड पडू नये. आणि ग्रामसभेची संमती घ्यायची ती पोलीस बंदोबस्तात नव्हे, गावाच्या चावडीवर, गावाच्या भाषेत, नाही म्हणण्याची मुभा ठेवून.