पाण्यावर सेन्सरची नजर आहे, मग उकळायचं कशाला?

पावसाळ्यात वांद्र्याच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. जुलाब, कावीळ झालेल्या पेशंटचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आता पाणी मशीनवर तपासतात ना?"

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जल जीवन मिशनअंतर्गत गावांतल्या नळयोजनांसाठी सेन्सर यंत्रणा बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. अशा यंत्रणेत पाइपमधला सेन्सर दाब, गढूळपणा, क्लोरीन मोजतो. आकडे मोबाइल नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर जातात आणि काही बिघडलं की इंजिनिअरच्या फोनवर इशारा येतो.

पण या सेन्सरला जंतू दिसत नाहीत. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. ते अचानक घटलं तर घाण शिरल्याची शंका येते, एवढंच. ई. कोलाय आहे की नाही हे प्रयोगशाळेत कळतं आणि त्याला साधारण एक दिवस लागतो. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून लवकर मिळणारा इशारा मोलाचा आहे, पण तो निकाल नव्हे.

मुंबईचं पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं. घोळ होतो तो बहुतेकदा पुढे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. एरवी पाइपमध्ये दाब नसतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यानंतर सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. सेन्सर मागे कुठेतरी मुख्य पाइपवर असेल, तर तुमच्या टाकीत काय चाललंय ते त्याला कसं कळणार?

फिल्टर विकणारा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, त्यावरही विसंबू नका. तो विरघळलेले क्षार मोजतो. आकडा उत्तम आणि पाण्यात कावीळीचा विषाणू, असं सहज होऊ शकतं.

तेव्हा पाणी गढूळ आलं, वास आला किंवा बिल्डिंगमध्ये दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले, तर पाणी उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट राहू द्या. पालिकेच्या १९१६ वर तक्रार करा, सेक्रेटरीला टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. बाळाची लघवी कमी झाली, ते मलूल पडलं किंवा गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.