निनांवी निंदा व व्यापारनीति

एखाद्या दुकानदारानें शेजारच्या दुकानांतील माल वाईट आहे असें उघडपणें म्हटलें, तर ऐकणारा त्या बोलण्यांतून मनांतल्या मनांत थोडी वजावट करून घेतो; कारण बोलणाराचा स्वार्थ त्यास दिसत असतो. तोच दुकानदार गिऱ्हाइकाचें सोंग घेऊन तेंच वाक्य बोलूं लागला, म्हणजे वजावट करण्याचें साधनच ऐकणाराच्या हातून काढून घेतलें जातें. पुष्कळ लोक यास व्यापारी चातुर्य म्हणतात. मला ती लबाडी वाटते, आणि बोललेला मजकूर अक्षरशः खरा असला तरीहि वाटते.

अमेरिकेंतील एक गाजलेलें उदाहरण पाहूं. होल फूड्स ही सेंद्रिय व नैसर्गिक खाद्यपदार्थ विकणारी मोठी कंपनी. तिचे एक संस्थापक व प्रमुख अधिकारी जॉन मॅकी हे इ. स. १९९९ पासून २००६ पर्यंत इंटरनेटवर याहूच्या शेअरविषयक चर्चेंत ‘राहोडेब’ या नांवानें लिहीत असत. त्यांच्या पत्नीचें नांव डेबोरा. त्याच नांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून हें टोपणनांव बनविलें होतें. वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्धी कंपनीस नांवें ठेवावीं, तिच्या शेअरची किंमत फाजील आहे असें सांगावें, व आपल्या कंपनीची थोरवी गावी, असा या राहोडेबचा क्रम असे. एकदां तर मॅकी यांची केशरचना आपणांस आवडते, असेंहि त्यानें लिहून टाकलें! पुढें फेब्रुवारी २००७ मध्यें होल फूड्सनेंच वाइल्ड ओट्स सुमारें साडेछप्पन्न कोटि डॉलरना विकत घेण्याचें जाहीर केलें. या खरेदीस फेडरल ट्रेड कमिशननें न्यायालयांत हरकत घेतली, आणि त्या कज्ज्याच्या कागदपत्रांवरून जुलै २००७ मध्यें राहोडेब कोण हें जगास कळलें. मॅकी यांनीं माफी मागितली. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळानें चौकशी केली व २००८ मध्यें कारवाई न करतां ती संपविली.

किंमत पाडण्याचा त्यांचा हेतु होता असें सिद्ध झालें नाहीं, व मीहि तसें म्हणत नाहीं. परंतु वाइल्ड ओट्सचे थोडे शेअर जवळ असलेल्या एखाद्या सामान्य मनुष्यानें राहोडेबचें लिखाण वाचून ते विकले असतील, तर त्यानें कोणाचा सल्ला घेतला? आपल्यासारख्याच एका त्रयस्थाचा, असें तो समजला असेल. फसवणूक झाली ती येथें.

धनी स्वतः लिहीत नसेल तर भाडोत्री लेखक ठेवतो. इ. स. २०१३ मध्यें तैवानच्या व्यापार आयोगानें सॅमसंगच्या तेथील शाखेस एक कोटि तैवानी डॉलर दंड केला, तो याचसाठीं. एचटीसी या तैवानी कंपनीच्या फोनांची निंदा लोकांस पैसे देऊन लिहविली होती. आपल्याकडे हें काम फुकटांत होतें. घरांतील मुलाच्या हातीं मोबाइल देऊन, “आपल्या दुकानास पांच तारे दे, आणि समोरच्याविषयीं दोन ओळी खरड,” असें सांगणाऱ्या वडील मंडळींनीं आपण मुलास कोणता धंदा शिकवीत आहों याचा विचार करावा.

यावर कोणी विचारील कीं, मग निनांवी लेखन सगळेंच वाईट काय? तसें मुळींच नाहीं. गोपाळ हरि देशमुख यांनीं इ. स. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत शतपत्रें लिहिलीं, तीं ‘लोकहितवादी’ या नांवानें. त्यांनीं नांव झांकलें, पण त्यांस विकावयाचें कांहीं नव्हतें. कारखान्यांतील भेसळ उघडकीस आणणारा मजूरहि पोटावर पाय येईल या भीतीनें नांव लपवितो, आणि तें योग्यच आहे. प्रतिस्पर्धी धन्यास असें कोणतें भय आहे?

शेजाऱ्याचें तेल भेसळीचें आहे अशी त्याची खात्री असेल, तर मार्ग मोकळा आहे. इ. स. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणें कोणाहि खरेदीदारास जिन्नस विकत घेऊन, फी भरून, अन्नविश्लेषकाकडून तपासून घेतां येतो. अट एवढीच कीं, आपण हा जिन्नस तपासणीस पाठविणार आहों, हें विकत घेतांनाच विक्रेत्यास सांगावें लागतें.