आईवर खटला

हा सिनेटर डॅनियल मॉयनिहान ओळखून ठेवा. 1965 साली मजूर खात्यात बसून यानं अहवाल लिहिला : काळ्यांचं कुटुंबच ढासळतंय, घर बाई चालवते. गुलामगिरीनं घरं फोडली हेही त्यातच लिहिलंय. तरी बोट आईकडंच! 1970 ला निक्सनला सल्ला : वंशाच्या प्रश्नाकडं जरा दुर्लक्ष बरं. सिनेटमध्ये गेल्यावर 1988 च्या कायद्यात यानंच मदतीवरच्या आयांना कामाला जुंपलं. 1996 ला क्लिंटननं त्या मदतीला पाच वर्षांची मुदत ठोकली, तेव्हा हा तळमळून बोलला, विरोधात मत दिलं. बरं केलं. पण आईला आरोपी आधी कुणी केलं?

आपण 1972 ला ज्यांचं नाव उचललं ते ब्लॅक पँथर ओकलंडात 1969 पासून पोरांना फुकट न्याहारी वाढत होते. बापाचा पत्ता विचारून नव्हे.