वारसा कराची चर्चा आणि तीन चतुर्थींची मुदत

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख केला आणि वडिलार्जित संपत्तीवर कर येणार काय, या प्रश्नावर देशभर वादंग माजले. वस्तुतः हा कर भारताला नवा नाही. १९५३ च्या इस्टेट ड्युटी कायद्यान्वये मोठ्या मालमत्तांवर एके काळी ८५ टक्क्यांपर्यंत आकारणी होई. उत्पन्न तुटपुंजे आणि वसुलीचा खर्च मोठा, म्हणून तत्कालीन अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ मध्ये तो रद्द केला. जुने तंटे मात्र चालूच राहिले. मृत भागीदाराच्या हिश्शात पेढीच्या नावलौकिकाचे मूल्यही धरावे लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मृदुला नरेशचंद्र खटल्यात दिला.

कर गेला, पण हिश्शाचा प्रश्न राहिला. मालवण किनाऱ्यावर त्याची धार अधिक जाणवते. मासेमारी नौका, काजू कारखाना, तारकर्लीचे निवासगृह असे व्यवसाय भावाभावांच्या भागीदारीत उभे राहतात. करारपत्र अनेकदा जुने असते, काही वेळा निव्वळ तोंडी. एक भाऊ गावी व्यवसाय सांभाळतो. दुसऱ्याची मुले मुंबईत चाकरमानी असतात.

अशा वेळी भागीदाराचा मृत्यू झाला तर १९३२ चा भागीदारी कायदा स्पष्ट आहे. करारात अन्यथा तरतूद नसेल तर पेढी विसर्जित होते. भागीदार दोघेच असतील तर करारातील तरतूदही तिला वाचवू शकत नाही. वारस आपोआप भागीदार होत नाहीत. त्यांना मिळतो तो हिशेबाचा हक्क. हिशेब न मिटवता उरलेल्या भागीदाराने व्यवसाय चालू ठेवला, तर वारसांना त्या हिश्शावरील नफा किंवा सालीना ६ टक्के व्याज यांपैकी एकाची निवड करता येते.

तथापि, या हक्काला मुदत आहे. विसर्जित पेढीच्या हिशेबाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि ही मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजली जाते. ‘चतुर्थीला गावी येऊ तेव्हा बघू’ असे म्हणत तीन चतुर्थी उलटल्या, की काकांशी वाद न घालण्याचा संकोच वारसाच्या हक्कावरच उठतो. सामाईक घराच्या सातबारावर नाव आहे, एवढ्याने पेढीतील हिस्सा शाबूत राहत नाही. जमीन आणि पेढी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरचा उपाय खर्चीक नाही. करारपत्र लेखी असावे, मृत्यूनंतर हिश्शाचे मूल्य कसे ठरवायचे आणि ते किती हप्त्यांत द्यायचे हे त्यात नमूद असावे, आणि हिशेब दरवर्षी सर्वांच्या सहीने मिटावा. सरकार पुन्हा वारसा कर लावील की नाही, हा दिल्लीतील वाद आहे. घरातील वाद मात्र वडील हयात असताना, एका बैठकीत मिटू शकतो.