आजोबा ‘पोटाच्या विकाराने’ गेले, म्हणजे नेमके कशाने? घराची आरोग्यनोंद का हवी?

मुरुड तालुक्यातलं काशीद असो की मुंबईतली चाळ, ‘आजोबा कशाने गेले?’ या प्रश्नाला अनेक घरांत एकच उत्तर मिळतं: ‘पोटाच्या विकाराने.’ पण अल्सर, सिरॉसिस, हिपॅटायटिस बी आणि आतड्याचा कॅन्सर हे सगळेच पोटाचे विकार. नातवंडांनी काय तपासून घ्यायचं, हे मात्र प्रत्येकात वेगळं.

घरातल्या माहितीने काय साधतं?

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की आपल्या घरात बरेच जण आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने गेले आणि आपणही तशाच जाणार. ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या घराण्याची माहिती प्रसिद्ध केली. हाच आजार आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. आई किंवा वडिलांकडे हा जनुकीय दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

सरकारी फॉर्ममध्ये काय राहिलं?

तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई घरोघरी जी प्रश्नावली भरतात, त्यात आई-वडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, हे विचारलं जातं. कॅन्सरचा कौटुंबिक इतिहास विचारला जात नाही. सरकारी तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, आतडं नाही.

त्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायला हवी. कोलोनोस्कोपी गावात होत नाही, हे मान्य. पण कोणाला आधी पाठवायचं, हे तरी कळेल. कॅन्सरच्या जनुकीय तपासणीचं काम करणारं टाटा मेमोरियलचं केंद्र, ॲक्ट्रेक, खारघरला म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.

काय लिहून ठेवाल?

• आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, काका-आत्या, मामा-मावशी. माहेरची बाजू गाळू नका. आईकडून येणारा धोका वडिलांकडून येणाऱ्या धोक्याइतकाच खरा.

• आजाराचं नाव आणि तो कळला तेव्हाचं वय. साठीच्या आत आई, वडील किंवा भावंडाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी चाळिशीत किंवा त्यांच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करावी. वडिलांना ४५ व्या वर्षी झाला, तर मुलाने ३५ व्या वर्षी.

• जुन्या रिपोर्टचे फोटो. बायोप्सीचा कागद टाकू नका.

घाबरायचं का?

नाही. घरात अनेकांना झालेला आजार जनुकांतूनच आला, असं नसतं. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला होतो. त्यावर लस आहे. एच. पायलोरी हा जंतूही घरातल्या घरात पसरतो आणि औषधाने जातो. उलट, आतड्याच्या बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कोणालाच कॅन्सर झालेला नसतो. म्हणून शौचातून रक्त गेलं, की ‘मूळव्याधच असेल’ म्हणत झाडपाल्यावर महिने काढू नयेत.

गणपतीत चाकरमानी गावी येतात, चार पिढ्या एका पडवीत बसतात. जमिनीच्या सातबाऱ्यावरची नावं सगळ्यांना पाठ असतात. आजारांची यादीही तेव्हाच लिहून घ्या. आजींना जे आठवतं, ते आणखी कुठेच नोंदलेलं नाही.