बारा म्हणजे नक्की किती?

मंडळी, आज विषय थोडा वेगळा आहे. संगणकाचा आहे, पण घाबरू नका. मी बी.ए. झालेली, मराठी माध्यमातली आणि आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. मला समजले म्हणजे तुम्हाला समजेलच!

प्रश्न अगदी साधा आहे. समोरच्याने चौकटीत जे लिहिले, ती पूर्ण संख्या आहे की नाही, हे कसे ओळखायचे? सहावीतला मुलगाही सांगेल, असे वाटते ना? पण मग हे बघा: वजा पाच ही पूर्ण संख्या का? आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे नाही, ती पूर्णांक संख्या. पूर्ण संख्या शून्यापासून पुढे. बरे, ५.० चे काय? '१२ आंबे' यातले बारा धरायचे का? आणि चौकट रिकामीच ठेवली तर?

नात सध्या प्रोग्रॅमिंग शिकते आहे. ती म्हणाली, "आजी, की-बोर्डवरून येतं ते सगळं आधी अक्षरंच असतं. बारा म्हणजे एकापुढे दोन, अशी दोन चिन्हं. त्यातून संख्या आपण करायची." मला हे फार आवडले. अंक वेगळा आणि संख्या वेगळी, हे मी वर्षानुवर्षे घसा फोडून सांगत होते, ते इथे जसेच्या तसे भेटले.

मग तिच्या शेजारी बसून हे काम कोणती भाषा कसे करते ते पाहिले. 'सी' या जुन्या भाषेत 'एटूआय' नावाची सोय आहे. तिला संख्या दिली तर संख्या मिळते, 'अबक' दिले तर शून्य मिळते, आणि शून्य दिले तरी शून्यच. म्हणजे निकालपत्रकात गैरहजर मुलगा आणि शून्य गुण मिळालेला मुलगा एकाच रांगेत! कोणत्या मुख्याध्यापकांनी असे पत्रक सही करून दिले असते? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये 'नंबर' नावाची सोय आहे, ती रिकाम्या चौकटीलाही शून्यच म्हणते. तिथलीच दुसरी सोय 'पार्सइंट'. ती डावीकडून वाचत जाते आणि अडली की मुकाट्याने थांबते. 'बारा आंबे' अंकात लिहून दिले तर बारा घेते आणि आंबे सोडून देते. इथवर ठीक. पण आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन एक लाख लिहिला, तर पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि सांगते, एक! लाखाचा एक झाला आणि कोणाला पत्ता नाही.

पायथॉनचे 'इंट' त्या मानाने कडक मास्तर. जमले तर संख्या देते, नाही तर काम थांबवून चूक दाखवते. मला हेच पटते. 'सगळी अक्षरे अंकच आहेत ना' एवढेच पाहणारी 'इझडिजिट' ही सोय तिथेही आहे, पण ती वजा पाचला नापास करते आणि वर्ग दाखवायला डोक्यावर लिहितात तो छोटा दोन पास करते. त्या छोट्या दोनची संख्या मात्र 'इंट' करून देत नाही. म्हणून नात म्हणते ते बरोबर: आधी संख्या करून बघावी, झाली तर झाली, नाही तर माणसाला विचारावे.

आता माझा खरा मुद्दा. पायथॉनला देवनागरीत १२ लिहून दिले तर ते बिनतक्रार बारा समजते. जावा भाषेचे 'पार्सइंट'ही समजते. जावास्क्रिप्टच्या सोयींना मात्र देवनागरी अंक कळत नाहीत, त्यांना ते आधी बदलून द्यावे लागतात. दहा चिन्हांच्या जागी दहा चिन्हे, बस. जगभरच्या लिप्यांची जी यूनिकोड सारणी आहे, तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आपले ० ते ९ हे अंक तिथे आहेत. तेव्हा 'संगणकाला मराठी अंक कळत नाहीत' ही सबब आता चालायची नाही. तपासणी लिहिणाऱ्याला ते आठवले नाहीत, एवढेच.

गेल्या वर्षी एका कार्यालयाचा अर्ज घरून भरत होते. पान पूर्ण मराठीत. वय विचारले, ७४ लिहिले. उत्तर आले, 'अवैध'. का अवैध, काय लिहायला हवे, एक शब्द नाही. मला कारण कळले, मी इंग्रजी अंक टाकून पुढे गेले. पण शेजारच्या काकूंनी तोच अर्ज दोनदा भरून सोडून दिला. "आपल्याला नाही गं जमायचं हे," म्हणाल्या. मंडळी, मला राग येतो तो इथे. आमच्या वयाची माणसे यंत्राची चूकही आपलीच समजतात. वहीवर नुसती लाल फुली मारणारा शिक्षक वाईट. काय चुकले ते शेजारी लिहायला हवे.

दुसरी बाजूही मांडते. तपासणी सैल केली तर नको ते आत शिरते, असे प्रोग्रॅमर म्हणतात, आणि ते खोटे नाही. शिवाय आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, दोन्ही लिप्या मिसळल्या तर घोटाळा व्हायचा. कबूल. मग घेतलेली संख्या अक्षरी लिहून परत दाखवा, 'चौऱ्याहत्तर, बरोबर ना?' बँकेच्या धनादेशावर आपण हेच करतो की!

आणि एवढ्यानेही काम संपत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या 'यॉर्कटाउन' या युद्धनौकेवर संगणकाच्या एका रकान्यात शून्य भरले गेले. शून्य ही चोख पूर्ण संख्या! पण पुढे तिने भागाकार झाला, संगणक कोलमडले आणि नौका दोन तासांहून अधिक काळ समुद्रात निश्चल पडली. 'संख्या आहे का' यानंतर 'इथे चालणारी आहे का' हेही विचारायला हवे.

याच्या उलट, अंकांत लिहिलेले सगळेच संख्या नसते. पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या संस्कृत पंडितांनी योजलेली ही पद्धत १९७२ पासून चालू आहे. दोन पिनकोडांची बेरीज कोणी करते का? पुण्याच्या दूरध्वनीचा ०२० संख्या म्हणून साठवला तर पुढचे शून्य गळून नुसते वीस उरतात. ते नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेले.

तर माझे म्हणणे एवढेच. अर्धवट वाचून गप्प बसू नका, रिकाम्याला शून्य म्हणू नका, आमचे अंक ओळखा आणि नाकारलेत तर कारण सांगा. माझ्या वाचकांत भाचे-पुतणे मंडळी याच व्यवसायातली बरीच आहेत. तुमच्या कामात ही चौकट कशी तपासता, ते जरूर लिहा. आणि एकदा तरी तिच्यात देवनागरीत ७४ टाकून बघा.