कळवळा पुरे, कसब हवे

3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की गावोगावची सभागृहे दिव्यांगांसाठी उघडतात. मंचावर शाल-श्रीफळ, मागे ‘करिअर मार्गदर्शन कार्यशाळा’ असा फलक, समोर कुबड्या, पांढऱ्या काठ्या आणि सोबत आलेले आईवडील. वक्ते हेलन केलर आणि स्टीफन हॉकिंग यांच्या गोष्टी सांगतात. ज्यांना ऐकू येत नाही, ते शेजाऱ्याचे हात पाहून टाळ्या वाजवतात. चहा होतो, फोटो होतात. अर्ज कुठे करायचा आणि मुलाखतीत काय मागायचे, हे प्रश्न जसे आले तसेच घरी परत जातात.

माझे म्हणणे सरळ आहे. नाशिकला अशा आणखी कार्यशाळा नकोत. त्या चालवणारी तयार माणसे हवीत. कार्यशाळेला वक्ता लागत नाही, सुलभक (फॅसिलिटेटर) लागतो, आणि सुलभक घडवावा लागतो. यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप: ‘प्रशिक्षण कशाला? मनात कळवळा असला की झाले.’ कळवळ्याचे मोल मी नाकारत नाही. बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी 1977 साली नाशिकमध्ये ‘प्रबोधिनी’ सुरू केली, त्यामागे एका आईचे मन होते. पण मनाने दार उघडते. वर्ग रोज चालवायला पद्धत लागते. शिवाय कळवळ्याला जिभेवर ताबा ठेवता येत नाही. ‘आंधळा मागतो एक डोळा’ ही म्हण भल्या माणसाच्या तोंडूनही सहज निघते आणि समोरच्या दृष्टिहीन तरुणीचा उरलेला दिवस वाया जातो. कळवळ्याला सवयही एकच: प्रश्न मुलाला न विचारता शेजारी बसलेल्या आईला विचारायचा.

दुसरा आक्षेप: ‘विशेष शिक्षक आहेतच की!’ आहेत, आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याने त्यांच्या शिक्षणाला शिस्तही लावली. पण ते तयार होतात बालकासाठी आणि वर्गासाठी. पंचविशीतल्या माणसाला रोजगाराच्या बाजारात उभे करणे हे निराळे काम आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. सांकेतिक भाषा जाणणाऱ्याला स्वमग्न तरुणाची घालमेल कळेलच असे नाही. आणि ‘एक कला शिकवली की झाले’ हा भरवसाही फसवा आहे. एके काळी एसटीडी-पीसीओचा बूथ म्हणजे अपंगांचा हक्काचा रोजगार होता. मोबाइल आला आणि बूथ गेले. ज्यांना फक्त बूथ मिळाला होता ते रस्त्यावर आले. ज्यांना नवे काम शोधायची रीत ठाऊक होती ते तरले. करिअर म्हणजे ती रीत, आणि कार्यशाळेने शिकवायची तीही तीच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ‘मुळात नोकऱ्याच कुठे आहेत?’ 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 100 पैकी साधारण 36 जणच काम करत होते. सुलभक नोकऱ्या निर्माण करत नाही, हे मान्य. पण आहे ते तरी आपण मागतो का? सरकारी पदांत 4 टक्के आरक्षण आहे, हे पुष्कळांना माहीत असते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मात्र 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठी कोणती पदे, कोणत्या सोयी आणि निवडीची काय पद्धत, हे सांगणारे समान संधी धोरण जाहीर करायचे असते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत असे कारखाने किती तरी आहेत. त्यांच्या एचआरला ‘तुमचे धोरण दाखवा’ असे किती उमेदवारांनी विचारले असेल? तो प्रश्न विचारायला उमेदवाराला कोणी तरी शिकवावे लागते.

मग सुलभक घडवायचा कसा? पहिली अट: प्रशिक्षणार्थींपैकी निम्मे स्वतः दिव्यांग असावेत. दृष्टिहीनांना संगणक वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही मोफत प्रणाली दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनीच घडवली. अडचण ज्याची, तिच्यातली वाट त्यालाच आधी दिसली. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या नॅब या संस्थेचे महाराष्ट्राचे काम सातपुरातूनच चालते. म्हणजे माणसे शोधायला फार लांब जायला नको.

दुसरी अट: काही दिवस सभागृहाबाहेर. सुलभकाने कारखान्यात उभे राहून एका कामाचे तुकडे पाडावेत. पेटी उचलणे, लेबल लावणे, मोजणे, नोंद करणे: यांतले कोणते कोणाला जमेल आणि कोणत्या सोयीने जमेल? सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या विकास कुमार खटल्यात वाजवी सोय हा हक्क मानला आणि ती त्या-त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असे सांगितले. ते पाहण्याचे कसब व्याख्यानातून येत नाही.

तिसरी अट: सराव. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचायचे. दुभाष्याला उजेडात उभे करायचे. ज्याचे बोलणे अडखळते, त्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. ऐकायला सोपे वाटते, पण चार वेळा चुकल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून प्रत्येकाने जाणत्याच्या देखरेखीखाली एक कार्यशाळा चालवावी आणि नंतर सहभागींनी त्याला गुण द्यावेत.

हे सगळे करणार कोण? ‘ज्ञानगंगा घरोघरी’ नेण्यासाठी 1989 पासून उभे असलेले मुक्त विद्यापीठ नाशिकचेच आहे. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग राज्याने 2022 मध्ये काढला. एकाने अभ्यासक्रम बांधावा, दुसऱ्याने खर्च उचलावा. सुलभकाच्या मानधनाचा मोठा हिस्सा मात्र हजेरीपटावर देऊ नये, नंतरच्या पाठपुराव्यावर द्यावा.

तोवर आयोजकांना एक विनंती. पुढच्या 3 डिसेंबरची शाल विकत घेण्याआधी मागच्या वर्षीचा हजेरीपट काढा आणि त्यातल्या किती जणांना नंतर एकदा तरी फोन केला, ते मोजा. आकडा शून्य निघाला, तर शालीचे पैसे वाचवून त्यातून एका सुलभकाचे शिक्षण करा.